नावानिशी मागणे

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'भय' हा विषय सुचवला. मराठवाड्यात त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत भय जमिनीखालीच राहते. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून किल्लारीची माणसे उशिरा झोपली. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर तोललेली माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, याच गावाने छोटे धक्के सोसले होते. तेव्हाचे भय ओसरले आणि माणसे पुन्हा घरात निजू लागली. नांदेड शहरात २००६ च्या अखेरीपासून काही वर्षे जमिनीखालून आवाज येत होते आणि लहान धक्के बसत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असेच गूढ आवाज सुरू झाले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीजवळ केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडकरांना घराबाहेर काढले. या धक्क्यात पडझड फारशी झाली नाही. पण ज्या भागाने किल्लारी पाहिली, तिथे ताटातले पाणी हलले तरी माणूस आधी पोर उचलतो.

अशा भयात माणसे काय करतात? कोणी हरिपाठ म्हणते, कोणी गुरुद्वाऱ्यात जाते, कोणी दर्ग्यावर. या लेखात मी पाहतो आहे ते याच दोन जिल्ह्यांतल्या एका फार लहान समाजाकडे, ख्रिस्ती मंडळींकडे आणि त्यांच्या प्रार्थनेकडे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती शंभरात एकही भरत नव्हते. मराठवाड्यात तर त्याहून कमी. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. लातूर आणि नांदेडसह अख्खा मराठवाडा त्याच्या कक्षेत येतो. पसारा एवढा मोठा आणि माणसे एवढी विरळ. मोठी देवळे, ट्रस्ट, कॉलेजे यांचे बळ जिथे नाही, तिथे भयाच्या वेळी हाताशी उरते ती प्रार्थनाच. म्हणूनच ती प्रत्यक्षात काय करते, हे इथे स्पष्ट दिसते. माझे म्हणणे एका वाक्यात मांडायचे तर असे: ख्रिस्ती प्रार्थनेतला दिलासा स्वतःचे भय घालवल्याने येत नाही, दुसऱ्याचे नाव घेतल्याने येतो, आणि ते नाव घेणे खरे होते की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

सतरंजीवरची यादी

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या उपासनेखेरीज आठवड्यात एखादी बैठक घरी होते. तिला कोणी 'कॉटेज मीटिंग' म्हणतात, कोणी नुसतीच 'प्रार्थना'. आज याच्या घरी, पुढच्या वेळी त्याच्या. सतरंजी अंथरली जाते. ढोलकी किंवा खंजिरी असते. गाणी बहुतेक वेळा अभंग-भजनाच्या चालीची असतात. हा वारसा नारायण वामन टिळकांचा आणि त्यांच्याआधी अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तन रुजवणाऱ्यांचा. मग पाळक किंवा मंडळीतले एखादे वडील वचन वाचतात, कोणी साक्ष देते. आणि मग येतो तो भाग, ज्यासाठी निम्मी माणसे आलेली असतात: विनंत्या.

'कोणाची काही विनंती?' असे विचारले की आधी जरा शांतता पसरते. मग एकेक नाव पुढे येते. कोणाच्या सासूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. कोणाची बोअर आटली. कोणाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला आणि फोन उचलत नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले जोडपे, आणि मागे आजीजवळ राहिलेली त्यांची दोन लेकरे. कोणी ही नावे वहीत उतरवून घेते, कोणी नुसती मनात धरते. मग ती वाटून दिली जातात: तुम्ही यांच्यासाठी मागा, तुम्ही त्यांच्यासाठी. चर्चच्या भाषेत हिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने देवापुढे उभे राहणे.

ही रचना साधी दिसते, पण तिच्यात एक शिस्त आहे. भयाचा पहिला परिणाम असा की माणसाचे जग आक्रसते. आधी गाव सुटते, मग गल्ली, आणि शेवटी आपले चार भिंतींचे घर आणि आपली चार माणसे एवढेच उरते. विनंत्यांची फेरी नेमके याच्या उलट करते. आपले भय सांगायला एक वाक्य मिळते आणि दुसऱ्याचे भय पेलायला संपूर्ण प्रार्थना. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना पाहिली तर तिच्यात 'मी' कुठेच नाही. बाप आहे तो आमचा, आणि भाकर मागायची तीही आजच्यापुरती आणि सगळ्यांसाठी. एकट्याने म्हटली तरी ती अनेकवचनातच म्हणावी लागते. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या आणि पेरणी वाया गेल्याचे पाहिलेल्या मुलखात ही मागणी अलंकारिक राहत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लागले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. त्या शहरात 'आजच्यापुरते' या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यादी कोणाची, आणि कोण यादीबाहेर

आपत्ती आली की सगळीकडे याद्या सुरू होतात: मृतांची यादी, पंचनाम्याची यादी, पात्र लाभार्थींची यादी. त्या लागतातच, त्यांच्याशिवाय शासन चालत नाही. पण प्रत्येक यादीला एक धार असते. किल्लारीनंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. तिथली घरे शेतजमिनीच्या मापाने ठरली: भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. धरणीकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते. यादीने पुन्हा ज्याला त्याला आपल्या पायरीवर बसवले. मराठवाड्यातले पुष्कळसे ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या मांग आणि महार समाजांतून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार धर्म बदललेल्या दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. जमिनीच्या यादीत तळाला आणि सवलतींच्या यादीबाहेर असलेल्या माणसाचे नाव आठवड्यातून एकदा कोणीतरी मोठ्याने घेते, ही गोष्ट वरून दिसते तितकी लहान नाही.

कोविडच्या काळात हे अधिक स्पष्ट दिसले. मार्च २०२० मध्ये प्रार्थनास्थळे बंद झाली. महाराष्ट्रात ती उघडली त्याच वर्षी दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, उघडली. सतरंजी गेली, पण विनंत्या फोनवर आल्या: कॉन्फरन्स कॉलवर, व्हॉट्सॲपवरच्या आवाजाच्या संदेशांत. व्हॅटिकनमध्ये २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात, रिकाम्या चौकात उभे राहून जगासाठी प्रार्थना केली. ते दृश्य सगळ्यांनी पाहिले. नांदेडच्या एखाद्या वाडीत 'त्यांचा ऑक्सिजन किती आला, विचारा' असे म्हणत मागितलेली प्रार्थना कोणी पाहिली नाही. पण ऑक्सिजन किती, हे विचारायला कोणीतरी रोज फोन करत होते. विचारपूस रोज होत राहिली, कारण विनंती रोज होती.

केडगावच्या पाचशे पन्नास

महाराष्ट्रात दुसऱ्यासाठी मागण्याचा सर्वांत ठळक दाखला पंडिता रमाबाईंचा. रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकातून जाणला नव्हता. आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि रस्त्यावर, छावण्यांत पडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन वाढले. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी तिथल्या बायकांना रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेच्या घरात गेला. दिवसातून दोनदा त्या जमत आणि देशासाठी, इतरांसाठी मागत.

त्या बायका कोण होत्या हे विसरता कामा नये. भुकेने, विकल्या जाण्याच्या भीतीने, वैधव्याने पोळलेल्या. त्यांना 'तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना करू' असे म्हणणे सोपे होते. रमाबाईंनी उलट केले: तुम्ही इतरांसाठी मागा. दया घेणारीला देणारीच्या जागी बसवले. त्याच आवारात हातमाग होते, शेती होती, छापखाना होता. प्रार्थनेने तिथे हात रिकामे केले नाहीत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच क्रम आहे: ज्याला संकटात सांत्वन मिळाले, तो संकटात असलेल्यांचे सांत्वन करू शकतो. मिळालेला दिलासा साठवायचा नसतो, पुढे द्यायचा असतो.

प्रार्थना माणसाला मुकाट बनवते, अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवते, हा आक्षेप इथेच तपासता येतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. छावण्या आणि रुग्णालयांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिले. सरकारला ते झोंबले. साहेबाच्याच धर्माची बाई साहेबाला जाब विचारत होती. मुलींसाठी देवापुढे मागणाऱ्या बाईला त्यातल्या एकीचीही आबाळ निमूट पाहवली नाही.

भिंत बांधणारे मौन

किल्लारीकडे परत येऊ. भूकंपानंतर देशभरातून मदत आली. कासा, कॅरितास इंडिया यांसारख्या चर्चच्या संस्था त्यात होत्या, तशा जैन, शीख, कम्युनिस्ट, गांधीवादी, सगळ्यांच्या होत्या. त्यातले एक नाव या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लातूर जिल्ह्यातल्या बाणेगावच्या पुनर्वसनासाठी मल्याळम दैनिक 'मलयाळ मनोरमा'ने पैसा उभा केला आणि त्याच्या आराखड्यामागे होते लॉरी बेकर. बेकर क्वेकर पंथाचे. या पंथाच्या उपासनेत पुरोहित नसतो, ठरलेले पाठ नसतात; माणसे एकत्र बसून गप्प राहतात. दुसऱ्या महायुद्धात बेकर यांनी शस्त्र घ्यायला नकार देऊन चीनमध्ये रुग्णसेवा केली. मग भारतात येऊन कुष्ठरोग्यांसाठी इमारती उभारल्या आणि इथलेच झाले. स्थानिक माल, स्वस्त बांधणी, जुन्या झाडांना धक्का नाही, शेजाऱ्यांची दारे एकमेकांकडे: हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता.

पुनर्वसित गावांवर नंतर जी टीका झाली, ती याच मुद्द्यावर. रुंद सरळ रस्ते आणि एकामागे एक ओळीत घरे आली आणि जुना शेजार तुटला. ओट्यावर बसून रस्त्यावरचे माणूस ओळखायची सोय गेली. भिंत पक्की झाली, पण रात्री धक्का बसला तर हाक कोणाला मारायची, हे ठरेना. घराच्या मजबुतीइतकेच शेजारही भयावरचे औषध आहे, हे बेकर यांना वास्तुशास्त्राइतकेच त्यांच्या मौनाच्या उपासनेनेही शिकवले असावे असे मला वाटते. गप्प बसून ऐकण्याची सवय असलेला माणूस नकाशा काढण्याआधी विचारतो.

इथे एक प्रामाणिक कबुली आवश्यक आहे. सेवा करायला प्रार्थना लागतेच असे नाही. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. घरदुरुस्ती कशी करायची, हप्ता कुठे अडला, सळई किती लागते, हे त्या बायका शिकल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घरासमोर बसलेल्या बाईशी काय बोलावे हे त्यांना माहीत होते. पौलाने सांगितलेला क्रम इथे त्याचे पत्र न वाचताच घडला. म्हणजे सेवेवर ख्रिस्ती प्रार्थनेची मक्तेदारी नाही. तिचा दावा वेगळा आणि लहान आहे: संकट ताजे असते तेव्हा माणुसकी आपोआप येते, संकट शिळे झाल्यावर ती टिकवायला सवय लागते. कॅमेरे गेल्यावर, तिसऱ्या वर्षी, त्याच विधवेचे नाव पुन्हा घ्यायला लावणारी गोष्ट म्हणजे दर आठवड्याची बैठक.

कोप कोणाचा?

सर्वांत जुना आक्षेप अजून बाकी आहे. ज्याने धरणी हलवली त्याच्याकडेच दिलासा मागायचा? १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला, लिस्बन शहर भूकंपाने कोसळले तेव्हा माणसे चर्चमध्येच होती. किल्लारीत माणसे गणपती विसर्जित करून झोपली होती. देवाचे नाव घेतल्याने छत थांबत नाही, हा पुरावा दोन्ही धर्मांच्या लोकांना सारखाच मिळाला आहे. यावर एक सोपे उत्तर नेहमी तयार असते: हा पापाचा दंड. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, आणि रवींद्रनाथ टागोरांनी 'हरिजन'मध्येच त्याचा स्पष्ट प्रतिवाद केला. या वादात मी टागोरांच्या बाजूने आहे, आणि मला वाटते शुभवर्तमानही त्याच बाजूला आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती का, असे येशूने स्वतःच विचारले आणि स्वतःच 'नाही' म्हटले. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी कारणे सांगायला तोंड उघडले आणि बिघडले.

हा फरक फक्त धर्मशास्त्राचा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकटातल्या धार्मिकतेचे दोन प्रकार तपासले. देव सोबत आहे असे मानून आधार घेणारी माणसे तुलनेने सावरतात. देव मला शिक्षा देतो आहे, त्याने मला टाकले आहे, असे मानणारी अधिक खचतात. म्हणून भयाच्या काळात व्यासपीठावरून 'पश्चात्ताप करा, हा कोप आहे' असे गर्जणारा उपदेशक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दुखणे वाढवतो. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे: देवा, तू कुठे आहेस, किती वेळ झोपणार. विठ्ठलाशी भांडणारी गंगाखेडची जनाबाई आणि नरसीचे नामदेव ज्या मातीतले, त्या मराठवाड्याला हे भांडण परके वाटू नये. आणि गेथशेमाने बागेत येशू स्वतः भ्यालेला आहे. सोबतच्या तिघांना तो जागे राहा म्हणतो. भिणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. कोणीतरी जागे असावे, ही मागणी सगळ्यांत जुनी आहे.

प्रयोगशाळेतली प्रार्थना

दुसरा आक्षेप विज्ञानाचा, आणि तो टाळता येणार नाही. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी भाविकांनी रुग्णांचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन प्रार्थना केली. फरक पडला नाही. उलट, आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंत जास्तच आढळली. जे प्रार्थनेला गोळी समजतात, गोळीऐवजी प्रार्थना देतात, किंवा 'औषध बंद कर, विश्वास ठेव' म्हणतात, त्यांना हा निकाल भिंतीवर लावायला हरकत नाही. मधुमेहाचे इन्सुलिन प्रार्थनेच्या नावावर बंद करणे हा गुन्हा आहे, विश्वास नव्हे.

पण या प्रयोगात काय नव्हते तेही पाहावे. प्रार्थना करणाऱ्याने रुग्णाला पाहिले नव्हते. त्याच्या घरी डबा कोण देईल, हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी तो जाऊ शकत नव्हता. प्रयोगाला हवी होती तशी, हात-पाय कापलेली मध्यस्थी तिथे मोजली गेली. याकोबाच्या पत्रात अशा प्रार्थनेची आधीच खिल्ली उडवली आहे: उघड्या, उपाशी भावाला ऊब घे, पोटभर जेव असे सांगून काही न देता वाटेला लावणारा विश्वास मेलेला आहे. सतरंजीवरची विनंती शेवटी 'आमेन'वर थांबत नाही. चहा येतो आणि तेव्हाच ठरते, सासूला दवाखान्यात कोण नेणार, लेकरांना कोण जेवू घालणार. जिथे हे ठरत नाही, तिथे बेन्सन यांचा निकाल लागू होतो.

आमिषाचा प्रश्न

तिसरा आक्षेप आज सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जातो: ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष तर नाही ना? प्रश्न रास्त आहे, कारण घाबरलेला माणूस सौदा करण्याच्या स्थितीत नसतो. त्याच्या भुकेच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा त्याचा आणि श्रद्धेचाही अपमान आहे. याचे उत्तर नियमातच असायला हवे, आणि ते आहेही. किल्लारीनंतर वर्षभरातच, १९९४ मध्ये, रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी आपत्तीतल्या मदतीची आचारसंहिता मान्य केली. तिचे तिसरे तत्त्व असे की मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी होणार नाही. ती मांडणाऱ्यांत कॅरितास इंटरनॅशनालिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. ज्या मंडळ्या या तत्त्वाने चालतात त्यांच्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे आहे; ज्या चालत नाहीत त्यांना चर्चनेच आधी विचारले पाहिजे. कसोटी सोपी आहे: विनंत्यांच्या वहीत मंडळीबाहेरच्या माणसाचे नाव आहे का, आणि त्याला ते कळवायची घाई नाही ना?

सकाळची कसोटी

या दोन जिल्ह्यांची जमीन पुन्हा कधी हलेल, हे कोणी सांगू शकत नाही. भिंतीला सळई घालणे, माळवदाचे ओझे कमी करणे, धक्का बसला की कुठे जमायचे ते ठरवणे, ही कामे प्रार्थनेने टळत नाहीत आणि टळू नयेत. पण तयारीचा एक भाग असा आहे जो सिमेंटने होत नाही: गल्लीत एकटे कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, कोणाची माणसे ऊसतोडीला गेलीत, हे माहीत असणे. ही माहिती भयाच्या रात्री गोळा करता येत नाही. ती आठवड्यामागून आठवडे नावे घेऊनच जमते. मूठभर ख्रिस्ती मंडळी मराठवाड्यात हे काम गाजावाजा न करता करतात, आणि ते फक्त त्यांचे राहावे असे काही नाही.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. पुढच्या वेळी त्या दिवशी एक वही काढा आणि आपल्या भिंतीपलीकडची तीन नावे लिहा. देव मानत असाल तर ती त्याच्यापुढे घ्या. मानत नसाल तर मोठ्याने वाचा. आणि सकाळी त्यांतल्या एका दाराची कडी वाजवा.